मूळ प्रत द्या: मराठी चित्रपट समीक्षकांना आणि पुरवण्यांच्या संपादकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात एका महाविद्यालयात मराठी शिकवते. त्याआधी सात वर्षं एका दैनिकाच्या पुरवणीत चित्रपट परीक्षणं लिहीत होते. सध्या एम.ए.च्या सहा विद्यार्थ्यांबरोबर एका अभ्यासाचा आराखडा बांधते आहे. मराठी वृत्तपत्रांतल्या परीक्षणांत अभिनेत्याचं काम आणि अभिनेत्रीचं काम आपण वेगवेगळ्या मापाने मोजतो का, हा आमचा प्रश्न आहे. मोजणी अजून सुरू केलेली नाही. ती सुरू करण्याआधी तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती काय आणि का, हे सांगायला माझ्याच एका कात्रणापासून सुरुवात करते.

१९९९ सालचं कात्रण आहे. चित्रपट आज फारसा कुणाला आठवणार नाही, पण त्यातला एक प्रसंग मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. नायिका चुलीपुढे भाकरी थापते आहे. नवऱ्याची तार येते. ती पिठाच्या हातानेच तार वाचते, घडी घालते, पिठाच्या डब्यात ठेवते आणि पुन्हा थापायला बसते. हाताचा ठेका तोच राहतो. फक्त एका भाकरीला हात मध्येच थांबतो, एखादा श्वासभर, आणि परत चालू होतो. चेहऱ्यावर काहीही नाही. मी त्यावर तीन वाक्यं लिहिली होती. छापून आलं ते असं: ‘नायिका गोड दिसली आहे आणि तिने नायकाला चांगली साथ दिली आहे.’ नायकाचा परिच्छेद मात्र शब्द न शब्द जसाच्या तसा आला होता.

त्या वेळी मी डेस्कवर, म्हणजे मजकूर कापून पानात बसवणाऱ्या उपसंपादकांवर, चिडले. पुढे कित्येक वर्षं हा किस्सा मी वर्गात सांगत आले, की बघा, बाईचं काम कसं कापलं जातं. या अभ्यासाच्या निमित्ताने जुन्या फायली काढल्या तेव्हा त्या मजकुराची कार्बन प्रत सापडली. तीन वाक्यं होती. पण त्यांच्या आधी, परिच्छेदाच्या अगदी सुरुवातीला, माझ्याच अक्षरात ‘गोड दिसली आहे’ होतं. ‘चांगली साथ दिली आहे’ हेही माझंच. डेस्कने एक शब्दही बदलला नव्हता. जागा कमी पडली म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे खालून कापलं होतं, आणि नायिकेचं खरं काम मी खाली ठेवलं होतं.

परीक्षणाचा आपला क्रम तुम्हाला माहीत आहे. आधी कथा, मग दिग्दर्शन, मग नायक, मग नायिका, मग इतर कलाकार, मग संगीत आणि छायालेखन. हा क्रम मला कुणी शिकवला नाही. इतरांचं वाचून तो हातात बसला. जाहिरात आली की मजकूर खालून कापायचा, हेही डेस्कवर कुणी ठरवून करत नाही. या दोन सवयी एकत्र आल्या की कुणाच्याही मनात पक्षपात नसताना छापील पानावर पक्षपात दिसू शकतो. आणि माझ्या कात्रणासारखं असेल तर पक्षपात असतोही, पण आपण बोट दाखवतो त्या जागी नसतो.

छापील परीक्षणात तीन हात एकत्र मिसळलेले असतात. चित्रपटाने त्या कलाकाराला काय दिलं, समीक्षकाने त्यावर काय लिहिलं आणि डेस्कने त्यातलं काय ठेवलं. नुसती कात्रणं मोजली तर या तिघांतला कुणाचा वाटा किती, हे आम्हाला कधीच सांगता येणार नाही, आणि आम्ही चुकीच्या माणसावर ठपका ठेवू. मी माझ्या उपसंपादकावर वीस वर्षं ठेवला. म्हणून आम्हाला तुमच्या मूळ प्रती हव्या आहेत, कापण्याआधीच्या.

आता आराखडा सांगते, म्हणजे तुमचा मजकूर कुठे आणि कसा वापरला जाईल ते कळेल.

पहिली अडचण चित्रपटाचीच आहे. ‘नायिकेच्या वाट्याला फारसं काही आलेलं नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी लिहिलं आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंच होतं. भूमिकाच दोन गाण्यांची आणि चार प्रसंगांची असेल तर समीक्षकाने तिच्यावर दोनच ओळी लिहिणं हा पक्षपात नाही. उलट तो चित्रपटावरचा योग्य शेरा आहे. म्हणून परीक्षणाला हात लावण्याआधी आम्ही भूमिका मोजणार आहोत. अमेरिकेत अभिनेत्री जीना डेव्हिस यांनी २००४ मध्ये स्थापन केलेली संस्था पडद्यावर बायका किती वेळ दिसतात आणि किती बोलतात हे मोजायला संगणक वापरते. आमच्याकडे स्टॉपवॉच आणि वही आहे. किती मिनिटं, किती संवाद, आणि आणखी एक गोष्ट: जिथे तिच्या किंवा त्याच्या निर्णयाने कथा वळते असे किती प्रसंग. ही मोजणी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या चित्रपटाचं एकही परीक्षण वाचलेलं नसेल.

त्यानंतर तुलना एकाच परीक्षणाच्या आत करायची. तोच समीक्षक, तोच चित्रपट, तीच जागा, तोच दिवस. फक्त नायक आणि नायिका वेगळे. असं केलं की एखाद्याची शैलीच फुलोऱ्याची आहे किंवा एखाद्या पुरवणीला जागाच कमी असते, हे प्रश्न आपोआप बाजूला पडतात. यात नायिकाप्रधान चित्रपट पुरेशा संख्येने घ्यावेच लागतील. नाहीतर मोठी भूमिका आणि पुरुष हे दोन्ही कायम जोडीनेच येत राहतील आणि शब्द कशामुळे वाढले ते कळणार नाही.

जोड्या लावताना मोह कसा होतो ते एका उदाहरणाने सांगते. २०१२च्या चित्रपटांसाठीच्या साठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विक्रम गोखले यांना ‘अनुमती’साठी, इरफान खान यांच्याबरोबर विभागून, मिळाला. अभिनेत्रीचा उषा जाधव यांना ‘धग’साठी. एकाच वर्षी, मराठीच चित्रपट, देशातला सर्वोच्च मान दोघांनाही. एका विद्यार्थिनीने ही जोडी उत्साहाने फळ्यावर लिहिली. या दोन्ही चित्रपटांची सगळी परीक्षणं जमवून शेजारी शेजारी ठेवली की झालं, असं तिचं म्हणणं होतं. पण गोखले तेव्हा वयाने ज्येष्ठ, रंगभूमीवर आणि पडद्यावर आयुष्य घालवलेले. त्यांची पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई या फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम करणाऱ्या, भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया. उषा जाधव त्या मानाने नव्या. कुणी गोखल्यांना ‘यांनी’ लिहिलं आणि जाधवांना ‘हिने’, तर ते बाई म्हणून की वयाने लहान म्हणून? या जोडीतून ते सुटत नाही. ती आम्ही फळ्यावरून पुसली. आता जोडी लावताना दोघांच्या पदार्पणात पाच वर्षांहून जास्त अंतर नको, असा नियम केला आहे.

‘यांनी’ आणि ‘हिने’वरून आठवलं. हे माप मराठीतच घेता येतं. इंग्रजीत असा अभ्यास करणाऱ्याला आदरार्थी बहुवचन मिळणारच नाही. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव लिहून झाल्यावर दुसऱ्या उल्लेखात आपण कुणाला आडनावाने ठेवतो, कुणाला नुसत्या नावाने, कुणापुढे ‘यांनी’ लावतो आणि कुणापुढे ‘ने’, हे सगळं मोजता येतं. ते मोजायला कुणाच्या मताची गरजही लागत नाही, कारण ते पानावर असतं किंवा नसतं.

बाहेरच्या अभ्यासांतून आम्ही काय घेतलं आणि काय सोडलं, तेही सांगते. २०१२ साली अमेरिकेत विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठीचा एकच अर्ज दाखवला गेला. निम्म्यांच्या अर्जावर नाव जॉन होतं, निम्म्यांच्या जेनिफर. बाकी मजकूर एकसारखा. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त देऊ केला गेला, आणि स्त्री प्राध्यापकांनीही तेच केलं. फार चोख प्रयोग आहे, पण आपल्या कामाचा नाही. अर्जावरचं नाव बदलता येतं. अभिनय म्हणजे तर तो चेहरा, तो आवाज आणि तो देहच. वादक दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावून, नुसतं ऐकून वाद्यवृंदातले वादक निवडता येतात. पडद्याआडून अभिनय बघता येत नाही.

आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ गेलेला माणूस म्हणजे अण्णा साळुंके. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये १९१३ साली त्यांनी तारामती केली, कारण फाळक्यांना बाई मिळेना. आणि १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. एकच नट, एकच चित्रपट, एक पुरुषपात्र आणि एक स्त्रीपात्र. या दोन भूमिकांबद्दल आजच्या पुरवणीत परीक्षण आलं असतं तर कुणाबद्दल काय लिहिलं गेलं असतं, यावर आमचा एक अख्खा तास गेला. अभ्यासात त्याचा काही उपयोग नाही, पण विद्यार्थ्यांना प्रश्न नेमका काय आहे ते त्या तासात कळलं.

दुसरा अभ्यास मात्र आम्हाला थेट उपयोगी पडला. २००३ साली फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात नेमणुकीसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली. सगळी पत्रं यशस्वी उमेदवारांची, म्हणजे कौतुकाचीच. तरीही बायकांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने आखूड होती आणि त्यांत शंकेला वाट ठेवणारी वाक्यं जास्त होती. यातून मी शिकले ते असं, की कौतुक आहे की टीका एवढं पाहून भागत नाही. कौतुक कशाचं आहे ते बघावं लागतं.

आणि इथे आमचा खरा झगडा सुरू झाला, तो शब्दांशी. संगणकाला ‘सुंदर’, ‘देखणी’, ‘गोड’ असे शब्द मोजायला लावावेत, असं आधी वाटलं होतं. पहिल्याच दिवशी ‘सहजसुंदर अभिनय’ आला. हा शब्द रूपाबद्दल नाही आणि नायकासाठीही वापरला जातो. मग ‘देखणी फ्रेम’ आली. मग ‘रुबाबदार’. हा नायकाच्या रूपाबद्दलच आहे, पण आमच्या यादीतच नव्हता, कारण यादी करताना आम्ही फक्त बाईला लावायचे शब्द आठवत बसलो होतो. ही चूक आमच्याच पूर्वग्रहाची होती. आता यादी रद्द केली आहे. प्रत्येक वाक्य दोन विद्यार्थी स्वतंत्रपणे वाचतील आणि ते रूपाबद्दल आहे, अभिनयाच्या कौशल्याबद्दल आहे की भूमिकेबद्दल, हे ठरवतील. दोघांचं किती जुळलं आणि त्यातलं निव्वळ योगायोगाने किती जुळलं असतं, हे कोहेनच्या कप्पा या मापाने काढणार. जुळणी कच्ची निघाली तर नियम पुन्हा लिहायचे.

कच्च्या चाचणीत ‘ती या भूमिकेत शोभून दिसते’ या एका वाक्यावर दोन विद्यार्थ्यांची चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, शोभून दिसणं म्हणजे रूप, विषय संपला. दुसरी म्हणाली, माझी आजी ‘शोभतं का तुला हे?’ म्हणते तेव्हा ती माझ्या रूपाबद्दल बोलत नसते, माझ्या वागण्याबद्दल बोलत असते. भूमिकेत शोभणं म्हणजे भूमिकेला योग्य असणं. दोघंही बरोबर आहेत. शेवटी नियम असा केला की शंकास्पद वाक्यांचा वेगळा गठ्ठा ठेवायचा आणि हिशेब दोनदा मांडायचा, एकदा तो गठ्ठा रूपात धरून आणि एकदा न धरता. दोन्हींत उत्तर एकच आलं तरच ते सांगायचं.

शब्दांहून मला क्रियापदं जास्त बोलकी वाटतात. भूमिका उभी केली, पेलली, रंगवली, जिवंत केली: इथे कलाकार काही करतो. गोड दिसते, शोभते, भावते: इथे कलाकार नुसता असतो. वाव मिळाला नाही, वाट्याला आली, संधी मिळाली: इथे कलाकाराला काही दिलं जातं. या तीन खणांत नायक आणि नायिका कसे वाटले जातात हे बघायची मला फार उत्सुकता आहे. उत्तर काय येईल असं वाटतं ते मी इथे लिहीत नाही, कारण माझे विद्यार्थीही हे पत्र वाचणार आहेत.

आणखी एक चाचणी वाचकांवर करायची आहे. परीक्षणातला परिच्छेद नाव झाकून द्यायचा आणि विचारायचं, हे नटाबद्दल आहे की नटीबद्दल? नुसत्या अंदाजाने निम्मी उत्तरं बरोबर येतील. त्याहून बरीच जास्त आली तर लिहिण्यातच काहीतरी खूण आहे. पण मराठीत नाव झाकून भागत नाही. ‘भूमिका ताकदीने पेलली आहे’ यात ‘पेलली’ भूमिकेप्रमाणे चालतं, कलाकार कोण ते लपून राहतं. ‘गोड दिसली आहे’ म्हटलं की त्या एका ‘ली’त सगळं उघड. म्हणून अशा ठिकाणी प्रत्यय कापून रिकामा चौकोन ठेवतो आहोत आणि ‘तिच्या’, ‘त्याच्या’ऐवजी ‘कलाकाराच्या’ घालतो आहोत. हे काम हाताने, वाक्यागणिक करावं लागतं आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात.

माझ्या मनात जे आहे तेच आकड्यांतून निघावं असं मला वाटण्याचा धोका मोठा आहे, हे मी जाणून आहे. म्हणून मोजणीआधी आम्ही सगळे नियम लिहून पाकीट बंद करून विभागप्रमुखांकडे ठेवणार आहोत: किती फरक आला तर आम्ही तो फरक मानू आणि काय आलं तर आमचं म्हणणं चूक ठरलं असं जाहीर करू. भूमिकेची लांबी हिशेबात धरल्यावर परीक्षणातला फरक नाहीसा झाला, तर दोष पटकथांचा आहे, समीक्षकांचा नाही, हे आम्ही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहू. वादक पडद्यामागे बसवून निवडले की बायकांची निवड वाढते, असं सांगणारा २००० सालचा अभ्यास जगभर गाजला आणि पुढे संख्याशास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यातला पुरावा त्याच्या कीर्तीइतका भक्कम नव्हता. आपल्याला पटणारं उत्तर आलं की आपण ते कमी तपासतो. ते टाळायचं आहे.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, हे सगळं कशासाठी, दोन शब्द इकडचे तिकडे. मला एक जुनी गोष्ट सांगाविशी वाटते. १९६७च्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनेता आणि अभिनेत्री असे पुरस्कार सुरू झाले तेव्हा अभिनेत्याच्या पुरस्काराचं नाव होतं ‘भरत’ आणि अभिनेत्रीच्या पुरस्काराचं ‘उर्वशी’. पहिले मानकरी उत्तम कुमार आणि नर्गिस. नाट्यशास्त्र ज्यांच्या नावावर आहे त्या मुनींचं नाव त्याला, इंद्रसभेतल्या अप्सरेचं नाव तिला. खरं तर उर्वशीही नटीच. कालिदासाच्या नाटकात भरतमुनींनी बसवलेल्या नाट्यप्रयोगात ती लक्ष्मीची भूमिका करते आणि एका संवादात चुकते म्हणून शाप घेते. पण उर्वशी म्हटल्यावर ते कुणाला आठवतं? आठवतं ते रूप. नर्गिसबाईंच्या हातात तो पुरस्कार पडला तेव्हा तो त्यांच्या कोणत्या कामाचा होता, हे पुढच्या पिढीला परीक्षणांतूनच कळणार होतं. चित्रपटाच्या प्रती नष्ट होतात, मिळत नाहीत. नटीने त्या प्रसंगात काय केलं याची नोंद पुष्कळदा फक्त आपण लिहिलेल्या ओळींत उरते. माझ्या कात्रणातल्या त्या बाईंची भाकरीवर थांबलेली हाताची हालचाल आज कुठेही नोंदलेली नाही. फक्त माझ्या कार्बन प्रतीत आहे.

तर, मागणी अशी. समीक्षकांनो, तुमच्या जुन्या परीक्षणांचा कापण्याआधीचा मजकूर जो सापडेल तो द्या. हस्तलिखित, कार्बन, फॅक्स, ईमेलला जोडलेली फाईल, काहीही चालेल. आवडलेली तेवढी निवडून पाठवू नका. एखाद्या वर्षाचा गठ्ठा मिळाला तर तो अख्खा द्या, नाहीतर निवडीमुळेच निकाल वाकडा होईल. तुमचं नाव आणि दैनिकाचं नाव मोजणाऱ्यांना दिसणार नाही. प्रत्येक मजकुराला क्रमांक दिला जाईल, त्याची किल्ली एकट्या माझ्याकडे राहील आणि निकालात एकाही समीक्षकाचं किंवा दैनिकाचं नाव येणार नाही. मूळ कागद झेरॉक्स काढून परत करू. संपादकांनो, तुमच्याकडे डेस्कवरच्या दुरुस्त्यांसह जुन्या फायली असतील तर त्या आम्हाला तुमच्याच कार्यालयात बसून बघू द्या. बाहेर नेणार नाही.

स्त्री समीक्षकांना वेगळं सांगते: तुमचा मजकूर आम्हाला तितकाच हवा आहे. ‘गोड दिसली आहे’ हे मीच लिहिलं होतं.

आणि ज्यांच्याकडे मूळ प्रत उरलेलीच नाही, त्यांनी निदान एका प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवावं. परीक्षण लिहायला बसता तेव्हा कुणाच्या कामाबद्दल आधी लिहिता, आणि शंभर शब्द कमी करा असा फोन आला तर पहिला हात कुठे जातो?

आपली,
मराठीची एक प्राध्यापिका आणि एकेकाळची परीक्षणकार,
कोल्हापूर